पंधरा-वीस किलोमीटर उंचीवरच्या वाफेतले समस्थानिक मोजतात कसे?

तुमचा प्रश्न असा: तिथली हवा जवळपास कोरडी, मग पाण्यातला ड्युटेरियम (हायड्रोजनचा समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा पण जास्त जड अणू) मोजणार कसा आणि मोजून कळणार काय?

मी विमानातल्या उपकरणावर काम केलेलं नाही, जमिनीवरच्या लेसर उपकरणापाशी दोन पावसाळे काढलेत. पण खरी झटापट लेसरशी नसून नळीला चिकटलेल्या पाण्याशी असते, हे तेवढ्यातच कळलं.

स्थितांबराच्या, म्हणजे ढगांच्या थरावरच्या थराच्या, तळाशी हवेच्या १० लाख रेणूंत पाण्याचे जेमतेम ४-५. त्यातही ड्युटेरियम असलेले शोधायचे तर अब्जात एकसुद्धा पुरता भरत नाही. म्हणून लेसरचा किरण दोन आरशांमध्ये हजारो वेळा ये-जा करायला लावतात. हातभर नळकांड्यात त्याचा काही किलोमीटर प्रवास होतो, तेव्हा कुठे या रेणूंनी केलेलं प्रकाशाचं शोषण दिसतं. इथवर ठीक. पण विमान खालची ओल अंगावर घेऊनच चढतं. आम्ही एकदा साधी प्लास्टिकची नळी जोडली होती. जुलैची हवा पिऊन बसलेली ती नळी, कोरडी हवा सोडूनही आकडा दुपारपर्यंत घसरतच राहिला. ड्युटेरियम तर जरा जास्तच रेंगाळतो. त्यामुळे विमान चढतानाचे आकडे मी तरी संशयानेच वाचतो.

आता कळतं काय ते. गोठताना जड पाणी, म्हणजे ड्युटेरियमवालं, वाफेतून आधी बाहेर पडतं. हवा सावकाश चढत, बर्फ टाकत उष्ण कटिबंधातल्या उणे ८० अंशांच्या थंडीतून गेली, तर तिच्यातला ड्युटेरियम समुद्राच्या पाण्यापेक्षा हजारी ९०० च्या आसपास घटायला हवा. अवकाश शटलवरच्या ‘ॲटमॉस’ उपकरणाच्या मोजणीतून १९९६ साली घट निघाली सुमारे ६७०च! एवढं जड पाणी वर आलं कुठून? मोठा वाटा बर्फाचा: गडगडाटी ढग बर्फकण थेट वर फेकतात, ते तिथे विरतात आणि आपला ड्युटेरियम सोडतात. (त्याहून वर मिथेन जळूनही थोडं पाणी बनतं, त्याचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो.)

आपला मान्सूनही यात आहे. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये काठमांडूहून उडालेल्या रशियन ‘जिओफिजिका’ विमानात शिकागोत बनलेलं असंच लेसर उपकरण होतं. उपग्रहही मोजतात, पण त्यांना काही किलोमीटर जाडीचा थर एकदमच दिसतो. एकेका ढगाच्या शेंड्याने काय वर नेलं ते बघायचं, तर विमानच लागतं.