वाचकांचे प्रश्न: फूटी खेळणारं पोरगं नेमकं जोखायचं कसं?

ह्या वेळी सगळा टपाल फूटीचाच. म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल नाही, ऑस्ट्रेलियन रूल्स, लंबगोल बॉल आणि क्रिकेटच्या मैदानावर एका बाजूला अठरा जण. मेलबर्न-पर्थकडची मराठी पोरं आता शनिवार-रविवार तिकडेच असतात त्यामुळे हे होणारच होतं. चार पत्रं घेतो.

प्रश्न: नमस्कार दादा. आम्ही मूळचे साताऱ्याचे, आता मेलबर्नच्या तारनीटला असतो. मुलगा ऑस्किकपासून, म्हणजे लहान मुलांच्या फूटी वर्गापासून, खेळतोय, यंदा अंडर-फोर्टीनमध्ये आहे. मध्यंतरी कोचनी एक कागद दिला. हात छान आहेत, बॉलवर जायला घाबरत नाही, पण डावा पाय नाही आणि बॉल दुसरीकडे असला की गायब होतो, असं लिहिलंय. मिस्टर म्हणतात कोच स्वतःच्या ओळखीच्या पोरांना पुढे करतो. मला क्रिकेटपलीकडे काही कळत नाही. ह्या कागदाचं काय करू?
— एक आई, तारनीट

उत्तर: ताई, आधी मिस्टरांना सांगा की ज्या कोचला पोराची पडलेली नसते तो "गुड सीझन, वेल डन" लिहून मोकळा होतो, ह्या माणसानं तर चार गोष्टी बघून लिहिल्यात. कागद जपून ठेवा.

हात छान म्हणजे काय ते आधी बघू. ह्या खेळात बॉल हातानं फेकता येत नाही, एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं मारायचा (हाच हँडबॉल), आणि तो बॉल लंबगोल असल्यामुळे जमिनीवर पडला की कुठे उडेल ह्याचा नेम नाही, त्यात जुलैमधलं मेलबर्न, मैदान ओलं, बॉल साबणासारखा निसटणारा. अशा दिवशी जो पोरगा खाली वाकून पहिल्याच झटक्यात बॉल उचलतो आणि अंगावर दोघं येत असताना मोकळ्या माणसाला मूठ मारून देतो त्याला "हात आहेत" म्हणतात. आणि बॉलवर जायला घाबरत नाही, हे तर शिकवून आलेलं मी फार कमी बघितलंय. ह्या दोन गोष्टी असतील तर बाकीच्यावर काम करण्यात अर्थ आहे, उलटं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती.

आता डावा पाय. अंडर-फोर्टीनमध्ये एका पायावर निभतं, पुढे नाही निभत, कारण समोरच्या टीमला दोन मॅचमध्ये कळतं की हा उजव्याचाच आहे, मग टॅकल करणारा मुद्दाम त्याच्या उजवीकडून येतो, पोरगा डावीकडे ढकलला जातो, तिथून किक मारायच्या ऐवजी परत उजव्यावर वळायला बघतो आणि तेवढ्यात धरला जातो. शिट्टी, होल्डिंग द बॉल (धरलं गेल्यावर बॉल सोडला नाही म्हणून फाउल), फ्री किक त्यांना. बघणाऱ्याला वाटतं पोरगा स्लो आहे. स्लो नसतो हो, पाय एकच असतो.

घरी काय करायचं तर जोर अजिबात लावू देऊ नका. डाव्या पायानं किक मारताना बॉल डाव्या हातानं पायावर सोडायचा असतो, आणि सगळी गडबड त्या सोडण्यात होते, पायात नाही. हात वर राहतो, बॉल उंचावरून पडतो, वाऱ्यानं आतल्या बाजूला कलतो आणि मग पाय कुठेतरी कडेला लागतो. म्हणून पंधरा मीटरवर मिस्टरांना उभं करा, हळू चालत हात मांडीच्या जवळ नेऊन बॉल सोडायचा, नुसता पोचवायचा. बॉल हवेत मागच्या बाजूला सरळ फिरत गेला तर सोडणं बरोबर, भोवऱ्यासारखा वाकडातिकडा गेला तर हात चुकला. रोज दहा मिनिटं पुरे. हॉथॉर्न क्लबचा सॅम मिचेल माहीत करून घ्या. पळायला वेगवान नव्हता, ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नव्या पोरांना आळीपाळीनं निवडतात त्यात, 2001 साली थेट छत्तिसाव्या नंबरला घेतला, पण दोन्ही पाय असे की त्याचा खरा पाय कोणता ह्यावर लोक वाद घालायचे. 2003 ला रायझिंग स्टार (सर्वोत्तम तरुण खेळाडू) झाला, पुढे 2012 चं ब्राउनलो मेडल (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) आणि चार प्रीमियरशिप्स (लीगची विजेतेपदं).

राहिला "गायब होतो" हा मुद्दा, आणि कागदातला सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. पुढच्या मॅचला एक काम करा, एक अख्खा क्वार्टर (मॅचचा पाव भाग) बॉल बघायचाच नाही, फक्त पोराला बघायचं. आपल्या टीमकडून बॉल गेला की तो काय करतो? हात कमरेवर ठेवून उभा राहतो, की मागे वळून आपल्या माणसाला पकडायला पळतो? आणि हे तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरमध्ये बघा, पहिल्यात सगळेच पळतात. दमल्यामुळे थांबत असेल तर तो दमाचा प्रश्न, वयानं आणि पळण्यानं सुटतो. दम असून थांबत असेल तर त्याला कुठे जायचं हेच कळत नसेल, आणि ते कोचला सरळ विचारता येतं, "बॉल त्यांच्याकडे गेला की ह्यानं कुठे उभं राहायचं?" एवढंच. घरी येताना गाडीत मात्र हे लेक्चर देऊ नका, बाराही महिने ऐकून घेणारं पोरगं जन्माला यायचंय.

प्रश्न: दादा, मी पर्थमध्ये मास्टर्स करतोय, रूममेट्समुळे वेस्ट कोस्ट क्लबचं वेड लागलं. त्यांच्या हार्ली रीडवरून आमच्यात रोज भांडण. एक म्हणतो पिढीतून एकदा येणारा प्लेयर, दुसरा म्हणतो नुसती हवा. तुम्ही निकाल द्या.
— एक विद्यार्थी, पर्थ

उत्तर: निकाल देत नाही, पण भांडणाला जरा मुद्दे देतो.

व्हिक्टोरियाच्या उत्तरेला टोंगाला म्हणून छोटं गाव आहे, तिथला हा पोरगा, एप्रिल 2005 चा जन्म, बेंडिगो पायोनिअर्सकडून अंडर-एटीन खेळला आणि 2023 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरला वेस्ट कोस्टनं घेतला. पहिला नंबर कोणाला मिळतो, तर जो क्लब तळाला असतो त्याला. म्हणजे ज्याच्याकडून सगळ्यात जास्त अपेक्षा तोच जातो सगळ्यात हरणाऱ्या टीममध्ये, हे गणित आधी डोक्यात ठेव. 2025 च्या सीझनमध्ये वेस्ट कोस्टनं एकच मॅच जिंकली. अशा टीममधल्या वीस वर्षांच्या पोराला जोखताना आकड्यांवर फार जाऊ नये.

ताकद कुठली हे कोणीही सांगेल. गर्दीतून बॉल घेऊन निघणं. मैदानाच्या मधोमध खेळ सुरू होतो तेव्हा बॉल हातात आला की दोघं धरायला येतात, हा एक हात ताठ करून समोरच्याच्या छातीवर ठेवतो, त्याला तिकडे डोन्ट आर्ग्यू म्हणतात, आणि दुसऱ्या हातात बॉल धरून तसाच पुढे. कबड्डीत चांगला रेडर पकड लागलेली असताना रेघेकडे सरकतो ना, तसं. ही ताकद जिममध्ये मिळते, पण धक्का लागायच्या आधीच तो लागणार हे कळणं जिममध्ये मिळत नाही, ते त्याच्याकडे पहिल्या वर्षापासून दिसलं.

कमजोरी? माझं म्हणणं असं की वेगळी शोधायची गरजच नाही, ती ह्याच गोष्टीच्या पोटात आहे. ज्याला प्रत्येक वेळी वाटतं की मी ह्याला हटवून जाईन, तो जिथे साधा हँडबॉल द्यायला हवा तिथेही हटवायलाच जातो, आणि मग धरला जातो, बॉल जातो. तीच आडदांड वृत्ती टॅकलमध्ये दिसते. 2024 मध्ये सेंट किल्डाविरुद्ध एका टॅकलमध्ये समोरच्याला जमिनीवर आपटलं, दोन मॅचचं सस्पेन्शन झालं, आणि नियमच असा की सस्पेन्ड झालेला खेळाडू रायझिंग स्टारसाठी बाद. सीझनभर ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडात होतं तो शर्यतीतून गेला आणि बक्षीस जीलाँगच्या ऑली डेम्प्सीला मिळालं. डोक्याला मार लागण्याबद्दल लीग आता फार कडक झालीय आणि ते योग्यच आहे, त्यामुळे दोन्ही हात जखडून खाली आपटायची सवय सोडावीच लागेल.

पण म्हणून त्याला "शांत हो, रिस्क घेऊ नको" सांगितलं तर हातात काय राहील? एक बरा मिडफिल्डर, असे तर प्रत्येक क्लबमध्ये आठ-दहा आहेत. कोचचं काम एवढंच की कधी हटवायचं आणि कधी द्यायचं हे त्याला कळलं पाहिजे. दुसरी खरी बाजू दमाची, मिडफिल्डर एका मॅचमध्ये बारा-पंधरा किलोमीटर पळतो आणि रीडच्या फिटनेसवर चर्चा सुरुवातीपासून आहे. मला विचारशील तर ती सगळ्यात कमी काळजीची गोष्ट, वीस-एकविसाव्या वर्षी दम वाढतोच, फक्त प्री-सीझनचा सराव पूर्ण अंगावर घ्यायला हवा.

तुलनेसाठी निक डेकॉस बघ. कॉलिंगवुडनं 2021 मध्ये घेतलं, बाप पीटर डेकॉस त्याच क्लबचा मोठा खेळाडू, आणि पहिल्या वर्षी त्याला गर्दीत टाकलंच नाही, हाफ-बॅकला, म्हणजे बचावाच्या फळीत, ठेवलं, जिथून समोरचं मैदान दिसतं आणि अंगावर कमी माणसं येतात. 2022 ला रायझिंग स्टार, 2023 ला प्रीमियरशिप. आजूबाजूला अनुभवी माणसं होती म्हणून ते परवडलं. वेस्ट कोस्टकडे ती चैन नव्हती, पोराला थेट मधे उभं केलं. रूममेटला हे सांग आणि मग भांडा.

प्रश्न: मी पुण्यात असते, मुलीकडे मेलबर्नला राहून आल्यापासून मॅचेस ऑनलाइन बघते. कॉमेंटेटर म्हणतात अमक्याच्या तीस डिस्पोजल्स, ऐंशी टक्के एफिशियन्सी. पण मला तर तो प्लेयर काही खास वाटला नव्हता. माझं चुकतंय का?
— एक आजी, कोथरूड

उत्तर: आजी, तुमचा डोळा एकदम बरोबर आहे, बघत राहा!

डिस्पोजल म्हणजे किक अधिक हँडबॉल. एखादा हाफ-बॅकला मोकळा उभा असतो, शेजारच्याला देतो, परत घेतो, परत देतो, झाल्या तीस. एफिशियन्सीची तर गंमतच आहे. चाळीस मीटरच्या आतली किक आपल्या माणसापर्यंत पोचली तर ती इफेक्टिव्ह, पण चाळीसच्या पुढे मारली आणि बॉल दोन्हीकडच्या माणसांच्या मधे, कोणालाही मिळू शकेल अशा जागी पडला तरी ती इफेक्टिव्ह धरतात. म्हणजे डोळे मिटून लांब हाणणारा कागदावर चांगला दिसतो, आणि जो अवघड, बारीक, वीस मीटरची पास गोलसमोर करायला जातो आणि तीनदा चुकतो तो वाईट दिसतो. तरुण खेळाडू बघताना मला दुसरा जास्त आवडतो, त्याला निदान काय करायला हवं ते दिसतंय.

आकडेच बघायचे तर कॉन्टेस्टेड पझेशन बघा, म्हणजे झटापटीतून किती वेळा बॉल मिळवला, आणि स्कोर इन्व्हॉल्व्हमेंट बघा, म्हणजे आपल्या टीमला पॉइंट मिळाले त्या साखळीत हा किती वेळा होता. आणि हो, त्या दोन्हीतही न दिसणारी गोष्ट म्हणजे ब्लॉक, आपल्या माणसाला वाट मोकळी करून देणं, ते तुम्हाला कॅमेरा लांबचा असताना दिसेल.

प्रश्न: मुलगी सोळाची, मुलगा पंधराचा, दोघंही खेळतात, दोघंही बुटके, आमच्या दोन्ही घरात उंची नाहीच. ह्या उंच लोकांच्या खेळात काही चान्स आहे का की वेळीच दुसरीकडे वळवू? आणि क्लबच्या अकादमीचं ऐकलं, ते आपल्यासाठी असतं का?
— एक बाबा, पॉइंट कुक

उत्तर: केलब डॅनियल, उंची 168 सेंटिमीटर. डोक्यावर हेल्मेट घालून खेळतो म्हणून लगेच ओळखू येतो. 2014 च्या ड्राफ्टमध्ये सेहेचाळिसाव्या नंबरला वेस्टर्न बुलडॉग्जनी घेतला, 2016 ला प्रीमियरशिप, 2020 ला ऑल-ऑस्ट्रेलियन टीममध्ये (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंची निवड). का टिकला? किक. पंचेचाळीस मीटरवर धावत्या माणसाच्या छातीवर बॉल ठेवतो. बुटक्याला एक गोष्ट अशी हवी जी टीममध्ये दुसऱ्या कोणाला तेवढी येत नाही, सगळं थोडं थोडं येऊन चालत नाही, हे कटू आहे पण खरं आहे.

आणि पंधराव्या वर्षी उंचीवर निकाल लावू नका. ह्या वयात काही पोरं दाढी आलेली पुरुष असतात आणि काही अजून पाचवीतली वाटतात, शिवाय वयोगटाची रेघ कॅलेंडर वर्षावर असल्यामुळे जानेवारीचा आणि डिसेंबरचा एकाच टीममध्ये. जो आज नुसत्या अंगानं सगळ्यांना पाडतोय त्याला अठराव्या वर्षी बाकीचे गाठतात, आणि ड्राफ्टही अठराव्या वर्षाच्या आत होत नाही. उशिरा वाढणाऱ्याला तोपर्यंत डोक्यानं खेळायची सवय लागलेली असते. वेग मात्र मोजून ठेवा, ड्राफ्ट कम्बाइनला, म्हणजे निवडीआधीच्या चाचणीला, वीस मीटर स्प्रिंट घेतात आणि तीन सेकंदांच्या आत आलात तर लोक मान वर करून बघतात. दोन किलोमीटरची टाइम ट्रायलही असते.

अकादमीचं म्हणाल तर एएफएल, म्हणजे वरच्या लीगच्या, क्लब्सच्या नेक्स्ट जनरेशन अकादमी असतात, तिकडच्या आदिवासी समाजातल्या आणि बाहेरच्या देशांतून, त्यात आशिया आलाच, आलेल्या घरांतल्या मुलांसाठी. तुमचा भाग कोणत्या क्लबकडे येतो आणि आईवडिलांच्या जन्मस्थानाची अट सध्या नेमकी काय आहे हे लोकल क्लबच्या सेक्रेटरीला विचारा, नियम अधूनमधून बदलतात. मुलीसाठीही विचारा, लाजू नका, एएफएलडब्ल्यू, म्हणजे बायकांची लीग, 2017 पासून सुरू आहे आणि तिथे अजून जागा भरायच्यात. फॉर्म बहुतेक ऑनलाइनच असतो, पण सेक्रेटरीला मॅचच्या दिवशी सॉसेज सिझलच्या (सॉसेज भाजायच्या) स्टॉलजवळ गाठलंत तर काम लवकर होतं.