क्लाउडचं उत्तर तपासायचंय? इथून सुरुवात करा

क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर, करून घेतलेला हिशोब बरोबर आहे का, हे तो पुन्हा न करता तपासता येतं. झीरो-नॉलेज, स्नार्क वगैरे (हिशोबाचा पुरावा देण्याच्या अवघड पद्धती) सध्या बाजूला ठेवा. आधी संगणकशास्त्रज्ञ फ्रायवाल्ड्सची 1977 ची युक्ती स्वतः करून बघा, जमेल.

समजा सर्व्हर म्हणतो, अ × ब = क, आणि तिन्ही मोठे चौरस मॅट्रिक्स (आकड्यांचे तक्ते) आहेत. पुन्हा गुणाकार करत बसू नका. 0 आणि 1 चा एक रँडम व्हेक्टर (आकड्यांचा एक स्तंभ) र घ्या. आधी ब × र काढा, त्याला अ ने गुणा, मग क × र शी ताडा. खर्च ओळींच्या संख्येच्या नेहमीच्या घनाऐवजी वर्गाच्या प्रमाणात. चुकीचं उत्तर एका फेरीत निसटण्याची शक्यता जास्तीत जास्त निम्मी. दर वेळी नवा र घेऊन 20 फेऱ्या केल्यात, तर दहा लाखांत एकाहूनही कमी.

नवखे हमखास इथे फसतात:

- र सर्व्हरला आधी कळतो. मग तेवढ्यापुरतं जुळणारं खोटं उत्तर बनवणं सोपं. क हातात आल्यावरच र निवडा.
- फ्लोटमध्ये (संगणक थोडे गोल करून ठेवतो त्या दशांश आकड्यांत) तंतोतंत बरोबरी शोधतात. तूर्त पूर्णांकच वापरा.
- गुणाकाराऐवजी सर्व्हरकडून यादी सॉर्ट करून (क्रमाने लावून) घेतली, तर तिचा फक्त क्रम बघतात. अहो, सगळी शून्यं पाठवली तरी क्रम बरोबरच! मूळचेच आकडे तितक्याच वेळा आलेत का, तेही बघा.

पायथनमध्ये थोड्याच ओळींचं काम आहे. लिहून झालं की क मधला एक आकडा मुद्दाम बिघडवा आणि पकडला जातो का ते बघा.