पंपाखालचं भोक बुजवू नका, शाफ्टवर नख फिरवून बघा

दादा, तुम्ही लिहिलंय की वर्षभरात दोनदा सील बदललं, तरी बोटीचं इंजिन चालू केलं की ते गार ठेवायला समुद्राचं पाणी खेचणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या पंपाखालून थेंब पडतातच. आणि आता मिस्त्री म्हणतोय, खालचं भोक लांबी (पुट्टी) भरून बंद करू. कृपा करून तेवढं करू देऊ नका.

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. शाफ्टवर, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्यावर, दोन सीलं असतात, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कड्या. इम्पेलरकडचं (पाणी ढकलणाऱ्या रबरी पात्यांच्या चाकाकडचं) सील खारं पाणी अडवतं, इंजिनाकडचं ऑईल. दोघांच्या मधल्या पोकळीतून ते भोक बाहेर निघतं. पाणी आलं तर पाण्याचं सील गेलं, ऑईल आलं तर ऑईलचं. भोक बुजवलं की पाणी आतच वाट काढतं. पंप पट्ट्यावर चालणारा असेल तर बेअरिंग खातं, इंजिनाच्या गिअरवर थेट बसवलेला असेल तर पाणी ऑईलमध्ये उतरतं. हर्णैला माझ्याच बोटीवर मी हे होऊ दिलं होतं. डिपस्टिक ओढली तर ऑईलचा रंग दुधाच्या चहासारखा. सगळ्या बोटी मासेमारीला बाहेर आणि माझं इंजिन जेटीवर खोललेलं, असा हंगाम गेला.

तेव्हा आधी गळती नेमकी कुठली, ते ठरवा. पंप कोरडा पुसा, इंजिन पाच मिनिटं चालवा आणि टॉर्च धरून बघत राहा. पुढच्या झाकणावरून ओघळून खाली आलेलं पाणीही भोकातूनच आल्यासारखं वाटतं. झाकणाच्या कडेला मिठाचा पांढरा पापुद्रा किंवा हिरवा कळंक दिसला तर नुसती पॅकिंग (झाकणाखालची पातळ चकती) बदलून भागेल. पण जाडी मूळच्या पॅकिंगइतकीच हवी. जाड घातली तर इम्पेलरच्या बाजूला फट राहते आणि पंप पाणी नीट खेचत नाही.

पाणी भोकातूनच येत असेल तर समुद्राकडचा व्हॉल्व्ह बंद करा, पंप उतरवा, शाफ्ट बाहेर काढा आणि स्वच्छ पुसा. आता सील जिथे बसतं तिथे शाफ्टच्या लांबीच्या दिशेने नख हळूच ओढा. नख अडकलं की समजा, तुमचं दुखणं सापडलं. सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी त्याची आतली कड, वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घासतो, खाडीच्या तोंडाशी पाण्यात बारीक रेती असते, ती त्या ओठाखाली जाऊन स्टेनलेसलाही चर पाडते. नवं सील त्याच चरावर बसवलं तर ते गळणारच. तुमची दोन सीलं यातच गेली असावीत, असा माझा अंदाज आहे.

पॉलिश पेपर मारून चर घालवायला जाऊ नका, तिथे शाफ्ट बारीक होतो. नवा शाफ्ट घालणं सर्वांत चांगलं. मिळत नसेल तर चरावर पातळ स्टेनलेसची स्लीव्ह चढवतात. बॉडीत जागा असेल तर सील एखादा मिलिमीटर अलीकडे-पलीकडे बसवूनही ओठाला कोरी जागा मिळते, फक्त मधलं भोक झाकलं जाता कामा नये. पंप उतरवायच्या आधी शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहा. खेळ असेल तर बेअरिंगही बदला, नाहीतर डुगडुगणारा शाफ्ट नव्या सीलचाही बळी घेईल.

सील घेताना आतली स्प्रिंग स्टेनलेसची मागा. साधी पोलादी स्प्रिंग खाऱ्या पाण्यात गंजून तुटते. पाण्याच्या सीलची स्प्रिंग पाण्याकडे, ऑईलच्या सीलची ऑईलकडे. उलटं बसलेलं सील पहिल्याच दिवशी गळतं.

खोललंच आहे तर इम्पेलरची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तुकडा पुढे इंजिनाच्या कूलरच्या तोंडाशी अडकलेला असतो, तो काढल्याशिवाय जोडणी करू नका. बसवताना पात्यांना ग्लिसरीन किंवा भांड्याचा साबण लावा, ग्रीस नको.

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बोट किनाऱ्यावर चढवलेली असेल तेव्हा हे काम शांतपणे होतं. तेव्हाच इम्पेलर काढून ठेवा, दोन महिने दाबून राहिला तर पाती वाकलेलीच राहतात. बोट पाण्यात उतरली की आधी व्हॉल्व्ह उघडा, मगच स्टार्टर मारा. कोरडा इम्पेलर बघता बघता जळतो. मग पंपाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवून अर्धा तास इंजिन चालवा. कागदावर ओल आली तर पाणी आहे की ऑईल, ते इथे कळवा.