'साऱ्या अडथळ्यांसह' का जुळत नाही

नौपाड्यातल्या एका अनुवादिकेची अडचण: साहेब 'आपल्या साऱ्या इम्पेडिमेंटासह' डाकबंगल्यावर उतरले, असं एका इंग्रजी प्रवासवर्णनात आहे. कोशात इम्पेडिमेंटपुढे 'अडथळा' दिलाय, पण 'साऱ्या अडथळ्यांसह' वाचवत नाही.

वाचवणार नाहीच. इथे अर्थ आहे सामानसुमान, तेही वागवताना जीव मेटाकुटीला यावा इतकं.

मूळ लॅटिन. 'पेस' म्हणजे पाय, आणि 'इम्पेदिरे' म्हणजे पाय अडकवून टाकणं. आपला खोडा अगदी हाच: कैद्याचे पाय अडकवायचं भोकं पाडलेलं लाकूड. त्यावरूनच 'कामात खोडा घालणे' आलं. उलट बाजूला 'एक्स्पेडाइट', म्हणजे पाय मोकळे करणं. सरकारी पत्रांत तो रोज दिसतो, कामाला वेग येतो की नाही हा भाग वेगळा! रोमन सैन्याच्या मागून चालणारी ओझी, तंबू, लादलेली जनावरं या साऱ्याला 'इम्पेडिमेंटा' म्हणत, कारण फौजेची चाल त्यांच्यामुळेच मंदावे. मराठ्यांच्या लष्करात असा पसारा आणि त्याबरोबरची बिनलढाऊ माणसं म्हणजे बुणगे.

म्हणून इम्पेडिमेंट आणि ऑब्स्टॅकल एकमेकांच्या जागी सरसकट टाकू नयेत. गायमुख घाटात आडवा पडलेला कंटेनर हा ऑब्स्टॅकल; तो वाटेत उभा असतो, बाजूला केला की संपला. इम्पेडिमेंट बहुधा चालणाऱ्यालाच चिकटलेला असतो. बोलण्यातल्या दोषाला 'स्पीच इम्पेडिमेंट' म्हणतात, तिथे ऑब्स्टॅकल चालत नाही. मराठीत 'वाचादोष' लिहावं. 'बोलण्यातील अडथळा' हे भाषांतर वाटतं, मराठी नाही.

कायद्यात आणखी एक छटा आहे. 1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातल्या प्रतिज्ञेत रक्ताच्या वा सोयरिकीच्या नात्यामुळे येणाऱ्या आडकाठीला इम्पेडिमेंट म्हटलंय, आणि इतर कायदेशीर हरकतींना हिंड्रन्स. अशा मजकुरात दोन्हींना 'अडथळा' लिहून मोकळं होऊ नये. पहिल्याला 'बाधा', दुसऱ्याला 'हरकत' किंवा 'अटकाव' असं काही ठरवावं आणि शेवटपर्यंत तेच ठेवावं.

व्याकरणाचं थोडक्यात. इम्पेडिमेंटा मुळातच अनेकवचन आहे, त्याला पुन्हा 'स' जोडायचा नाही. इम्पेडिमेंटनंतर बहुतेकदा 'टू' येतो, 'फॉर' नव्हे. उच्चारताना जोर 'पे'वर. इम्पेडिमेंटामध्ये तो 'में'वर सरकतो.

आता मूळ वाक्य. 'बाडबिस्तरा' चालेल, पण त्यात वैताग नाही. 'चंबूगबाळं' गरिबाघरचं, साहेबाला शोभणार नाही, थट्टाच करायची असेल तर गोष्ट निराळी. मागेपुढे नोकरचाकरही असतील, तर 'साहेब आपलं सारं लटांबर घेऊन डाकबंगल्यावर उतरले' हेच लिहावं.