ऐकल्यावर थाप वाटेल, पण शंभर टक्के खरी आहे, अशी कोणती माहिती तुमच्याकडे आहे?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की शाळेतल्या प्रश्नमंजुषेसाठी इतिहास, भूगोल, विज्ञान यातलं काहीतरी हवंय, आणि 'ऑक्टोपसला तीन हृदयं असतात' छापाचं नको, कारण ते पोरांना पाठ आहे. मग मी आमच्या कोल्हापूरचंच सांगतो. परगावच्या पाहुण्याला यातलं काहीही सांगितलं की तो आधी हसतो आणि मग हळूच मोबाइल काढून शोधतो.

कोल्हापूरच्या एका छत्रपतींची छत्री इटलीत आहे. हे राजाराम महाराज म्हणजे ताराराणींचे पती नव्हेत आणि शाहू महाराजांचे चिरंजीवही नव्हेत, हे मधले. १८७० साली ते विलायतेला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय जेमतेम वीस. सोबतच्या मंडळींपुढे भलताच पेच. मुलूख ख्रिस्ती, तिथं माणूस गेला की पुरायचा. पण राजाला अग्नी तर द्यायलाच हवा. शेवटी खास परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर रात्री चिता रचली गेली. परक्या देशात, अशा प्रसंगात त्यांनी संगम बरोबर हेरला, याचं मला फार अप्रूप वाटतं. इटलीतली पहिली आधुनिक दाहिनी मिलानला सुरू झाली ती १८७६ मध्ये, म्हणजे या प्रसंगानंतर पाचेक वर्षांनी.

१८७४ मध्ये त्या जागी महाराजांचा अर्धपुतळा बसवून वर आपल्या पद्धतीची छत्री उभारली. फ्लॉरेन्सकर त्या स्मारकाला 'इंडियानो' म्हणतात आणि शेजारी १९७८ साली सुरू झालेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव पडलंय. प्रश्नमंजुषेत विचारा: फ्लॉरेन्समधल्या पुलाला कोणत्या मराठी राजामुळे नाव मिळालं? मास्तरांनाही यायचं नाही.

त्या छत्रीचा आराखडा केला मेजर चार्ल्स मँट यांनी. आमचा नवा राजवाडा त्यांचाच आणि सीपीआर दवाखान्यासमोरचा टाउन हॉलही त्यांचाच. त्या टाउन हॉलमध्ये आता वस्तुसंग्रहालय आहे आणि तिथं ब्राँझची एक छोटी मूर्ती आहे पोसायडनची. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव! समुद्र इथून कुठं, तर घाट उतरून पार कोकणात. ही मूर्ती सापडली पंचगंगेच्या काठी, ब्रह्मपुरीच्या टेकाडावर, १९४० च्या दशकातल्या उत्खननात. सोबत रोमन घडणीची आणखी ब्राँझची भांडीकुंडीही निघाली. काळ सातवाहनांचा. रोमन साम्राज्यातला माल गलबतांनी पश्चिम किनाऱ्याला उतरायचा आणि तिथून घाट चढून वर देशावर यायचा. आमचा राजा इटलीत राहिला खरा, पण त्याच्या कितीतरी शतकं आधी तिकडचा देव इथं येऊन बसला होता. फिटंफाट.

वळिवडेचं थोडक्यात सांगतो, कारण अलीकडे ते बऱ्याच जणांना माहीत झालंय. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने सायबेरियाकडे पिटाळलेले पोलंडचे सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे येऊन १९४३ पासून काही वर्षं कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात छावणीत राहिले. शाळा, चर्च, सगळं त्यांचं स्वतःचं होतं. महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. संध्याकाळी भेळ खायला जाणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो वाचलेला नसेल, हा माझा अंदाज.

आता विज्ञान. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं करत गाभाऱ्यात पोचतात. आधी देवीचे चरण, मग गुडघे, कंबर, चेहरा. एरवी गडबड असणाऱ्या देवळात ही चार-पाच मिनिटं सगळ्यांच्या माना एकाच दिशेला असतात. ऊन पायांकडून वर चढतं ते सूर्य खाली जातो म्हणून. तो जितका क्षितिजाकडे उतरतो तितके किरण आडवे होतात आणि तितके वर पोचतात.

खरी गंमत तारखांत आहे. किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो: ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. या तारखा अशाच का? मध्ये २१-२२ डिसेंबर धरा, म्हणजे सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो तो दिवस. त्याच्या अलीकडे सहा आठवडे मोजले की नोव्हेंबरचा किरणोत्सव येतो आणि पलीकडे सहा आठवडे मोजले की फेब्रुवारीचा. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे चाललेला असतो, फेब्रुवारीत परत फिरलेला असतो, आणि जाता-येता तो क्षितिजावरच्या एकाच जागी मावळतो. देऊळ बांधणाऱ्यांनी तेवढी जागा धरली, की वर्षातून दोन वेळा ठरलेल्याच.

मात्र आकाशात ढग आले, हवेत दमटपणा किंवा धूळ वाढली किंवा वाटेत एखादी इमारत उंच झाली, तर किरण कमरेपर्यंत येऊन थांबतात. मग दुसऱ्या दिवशी पेपरात तीच बातमी आणि अडथळे काढण्याची तीच जुनी चर्चा.

पोरांना एवढंच विचारा: मे महिन्यात कोल्हापूरला ऊन एवढं कडक असतं, तरी किरणोत्सव का होत नाही? उत्तर: मे महिन्यात सूर्य बरोबर पश्चिमेच्याही उत्तरेला सरकून मावळतो, त्यामुळे महाद्वाराची रेघ त्याला सापडतच नाही.