बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा : वाचकांचे प्रश्न

यावेळी जवळजवळ सगळे प्रश्न गाडी स्टार्ट न होण्याचे आलेत, म्हणून दुसरे विषय बाजूला ठेवून फक्त बॅटरी आणि चार्जिंगबद्दलच बोलू.

प्रश्न : नवीन बॅटरी टाकून दोन महिने पण झाले नाहीत आणि सकाळी गाडी परत स्टार्ट होत नाही. स्टार्टर मारला की नुसता टकटकटकटक आवाज येतो. जंप देऊन (दुसऱ्या बॅटरीला केबल जोडून) चालू केली की दिवसभर काही त्रास नाही, कितीही वेळा बंद-चालू करा. दोन-तीन दिवस उभी राहिली की परत तेच. मेकॅनिक म्हणतो बॅटरी खराब निघाली, बॅटरीवाला म्हणतो अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बघा. कोणाचं खरं मानू?

उत्तर : दोघांपैकी कोणी मीटर लावून बघितलं का ते आधी विचारा, कारण तुमच्या वर्णनावरून मला तिसरीच शंका येतेय.

एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी चावी फिरवायच्या आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज बघा. 12.6 च्या आसपास असेल तर बॅटरी फुल आहे, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, आणि 12 च्या खाली गेली असेल तर जवळपास रिकामीच समजा. गाडी बंद केल्या केल्या मोजू नका, तेव्हा वरवरचा चार्ज दिसतो आणि मेलेली बॅटरीसुद्धा 12.8 दाखवते, बरेच जण इथेच फसतात. नंतर इंजिन चालू करून परत बघा. 13.8 ते 14.5 च्या मध्ये आलं तर अल्टरनेटर चार्ज करतोय. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावा, अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून धरा, तरी 13.5 च्या वर टिकलं तर त्याला सध्या तरी दोष देऊ नका. इंजिन चालू असून आकडा 12.3 वर बसलाय आणि हळूहळू खाली सरकतोय, तर मात्र चार्जिंग होतच नाहीये.

तुमची गाडी दिवसभर चालते म्हणजे चार्जिंग होतंय, आणि बॅटरी दिवसभरात इतक्या वेळा स्टार्ट देते म्हणजे ती पण सहसा एकदम बाद नसते. मग उभ्या गाडीत काहीतरी करंट खातंय. बंद गाडीसुद्धा थोडा करंट घेतेच, अलार्म असतो, घड्याळ असतं, कंट्रोल युनिटची मेमरी असते, ते 20 ते 50 मिलिअँपिअर धरा. 50 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर), 45 अँपिअर-अवरच्या बॅटरीला त्याने आठवडाभर काही होत नाही. पण हेच जर अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला 12 अँपिअर-अवर गेले, म्हणजे दोन दिवसांत निम्म्याहून जास्त बॅटरी खाली. तुमच्या दोन-तीन दिवसांशी हा हिशोब बरोबर जुळतो!

मोजायचं कसं, तर मीटर 10 अँपिअरच्या रेंजवर घ्या, लाल पिन पण त्याच सॉकेटमध्ये हवी. निगेटिव्ह केबल सोडवून ती केबल आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्या मध्ये मीटर जोडा. दार उघडं ठेवायचं असेल तर त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने ढकलून बंद करा म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल, आणि कीलेस गाडी असेल तर चावी लांब ठेवा. मीटर जोडलेला असताना चावी ऑन करायची नाही आणि स्टार्टर तर अजिबात मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका, गाडीतले कंट्रोल युनिट झोपायला अर्धा-पाऊण तास घेतात, कधी त्याहून जास्त. त्यानंतरही 50 मिलिअँपिअरच्या, म्हणजे मीटरवर 0.05 च्या, बऱ्याच वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल तिथे चोर आहे. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, ट्रॅकर, थेट वायर टाकलेला डॅशकॅम आणि डिकीचा न विझणारा दिवा, मी सुरुवात यांच्यापासून करतो.

सगळे फ्यूज काढूनही करंट वाहतोच आहे? मग बॅटरी पूर्ण सोडवून अल्टरनेटरच्या मागची जाड वायर काढा, तिचं टोक नीट गुंडाळून ठेवा आणि परत मोजा. आता आकडा पडला तर अल्टरनेटरमधला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लीक आहे. असा अल्टरनेटर दिवसा चार्ज करतो आणि रात्री त्याच बॅटरीतून करंट परत खातो, म्हणून फक्त चार्जिंग व्होल्टेज बघणाऱ्याला तो सापडत नाही.

आणि हो, दोष सापडल्यावर बॅटरी चार्जरवर लावून सावकाश फुल करा. अल्टरनेटर रोजची झीज भरून काढण्यासाठी असतो, पूर्ण उतरलेली बॅटरी त्याच्या जिवावर सोडली तर तो तापतो आणि बॅटरीही पूर्ण भरत नाही. सारखी उतरत राहिलेली बॅटरी आतून सल्फेट धरते, म्हणजे प्लेटांवर थर बसून तिची ताकद कमी होते, नवीन असली तरी. म्हणून हे काम लांबवू नका.

प्रश्न : गाडी चालवताना अचानक बॅटरीचा लाल दिवा लागला, गाडी मात्र नीट चालत होती. थांबायचं की तसंच घरी जायचं?

उत्तर : त्या दिव्यावर चित्र बॅटरीचं असलं तरी तो बहुतेक वेळा चार्जिंग बंद झालंय हे सांगतो. त्याच क्षणी टेंपरेचरचा काटा बघा. बेल्ट तुटला असेल आणि त्याच बेल्टवर तुमच्या गाडीचा वॉटर पंप चालत असेल तर इंजिन काही मिनिटांत तापेल, तेव्हा लगेच बाजूला घेऊन बंदच करायचं. स्टिअरिंग एकदम जड झालं तरी बेल्टचाच संशय घ्या.

टेंपरेचर ठीक असेल तर गाडी आता फक्त बॅटरीवर चाललीये. एसी, ब्लोअर, म्युझिक, चार्जिंगला लावलेला फोन सगळं बंद करा आणि इंजिन मध्ये बंद करू नका, परत चालू होईलच असं नाही. दिवसा थोडं अंतर निघून जातं. रात्री 55 वॅटचे दोन हेडलाइट एकटेच 9 अँपिअर खातात आणि दिवे मंद होत जाणं जिवाशी खेळ आहे, तेव्हा रात्री लांबचा विचार सोडा आणि जवळच्या सुरक्षित जागी थांबा.

दिवा पूर्ण न लागता अंधुक जळत असेल तर डायोड तपासून घ्या. आणि चावी ऑन केल्यावर तो दिवा लागतच नसेल तर तेही चांगलं लक्षण नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा करंट त्याच बल्बमधून जातो.

प्रश्न : काका म्हणतात गाडी चालू असताना बॅटरीची केबल काढायची, इंजिन बंद पडलं तर अल्टरनेटर खराब, चालू राहिलं तर चांगला. हे बरोबर आहे का?

उत्तर : काकांना मान देऊन सांगतो, हे करू नका. कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये लोक असं करायचे, तेव्हा उडायला गाडीत इलेक्ट्रॉनिक्सच फारसं नव्हतं. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरी अचानक बाजूला केली की व्होल्टेज क्षणभर 40 च्या पुढे उसळू शकतं. त्यात रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग), डायोड, इसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) काहीही जाऊ शकतं, म्हणजे चांगला असलेला अल्टरनेटर तपासता तपासता तुम्हीच खराब कराल. वर सांगितलेली मीटरची टेस्ट दोन मिनिटांची आहे, काकांना ती करून दाखवा.

प्रश्न : अल्टरनेटर नवीन बसवला तरी इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.1 च येतात. परत बदलून मागू का?

उत्तर : थांबा, आधी वायर तपासा. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवा. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर टेकवा. पिना धरताना बेल्ट आणि फॅनपासून हात लांब. 0.2-0.3 व्होल्टपर्यंत फरक चालतो. एक व्होल्ट दिसला तर अल्टरनेटर बिचारा 14.1 देतोय आणि ते वाटेत जातायत. तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह खांब यांच्यात मोजा, इथे 0.2 च्या वर नको. अर्थिंगची पट्टी गंजलेली, क्लॅम्पखाली पांढरी-हिरवी बुरशी, हे डोळ्यांना दिसत नाही इतकं थोडं असलं तरी मीटरला दिसतं. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, ब्रशने घासा, कोरडं करून घट्ट बसवा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

अजून एक, गाडी नवीन असेल आणि निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटा सेन्सर असेल तर त्यात अल्टरनेटरचं व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी भरलेली असताना 12.8 आणि ब्रेक मारताना 14.8 असं वरखाली होणं त्यात नॉर्मल आहे. मग एका आकड्यावरून निकाल देऊ नका, हेडलाइट लावून थोडा वेळ बघा.

प्रश्न : बॉनेट उघडलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि बॅटरी बाजूने फुगलीये. चार्ज करून वापरू का?

उत्तर : नाही, अजिबात नाही. चार्जर लावू नका, जंप देऊ नका, जवळ ठिणगी किंवा सिगरेट नको, तिथे हायड्रोजन असतो. गाडी मोकळ्या हवेत ठेवून थंड होऊ द्या आणि ही बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या. फुगण्याचं कारण बॅटरीच्या आतलं असू शकतं, पण बऱ्याचदा रेग्युलेटर गेलेला असतो आणि अल्टरनेटर 15 च्या वर ढकलत राहतो. नवीन बॅटरी बसवल्या बसवल्या इंजिन चालू करून, थोडा रेस देऊन व्होल्टेज बघा आणि 15 च्या वर दिसलं तर लगेच बंद करून रेग्युलेटर दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका.