आधी किल्लीचे ठरवा, मग यादीचे

सुमारे ८०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयासाठी आपत्कालीन प्रथमोपचाराचे साहित्य कोणते आणि किती घ्यावे, असे आपण विचारले आहे आणि ती यादी आपल्याला समितीपुढे ठेवायची आहे. यादीकडे मी येतोच, परंतु पेटीची किल्ली कोणाकडे राहणार, हे त्या समितीने ठरवले आहे काय?

गोव्यात पेडणे तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. जुलै महिन्यातील एका दुपारी ओल्या व्हरांड्यात धावणारा बारावीचा एक मुलगा घसरला आणि त्याचा हात खिडकीच्या तावदानातून आरपार गेला. मनगटाच्या वर आतल्या बाजूला कापले होते आणि रक्त ठिबकत नव्हते, उसळत होते. प्रथमोपचाराचे कपाट कार्यालयात, त्याची किल्ली मुख्य कारकुनांच्या जुडग्यात आणि ते जुडगे त्यांच्यासह पर्वरीला शिक्षण खात्यात गेलेले. मी एका विद्यार्थिनीच्या ओढणीची घडी करून ती दोन्ही हातांनी जखमेवर दाबून धरली; ती भिजली तेव्हा न काढता तिच्यावर दुसरे कापड ठेवून पुन्हा दाबले. भोवतीचा प्रत्येक जण “सर, थांबले का ते बघा तरी” असे म्हणत होता आणि मी बघू देत नव्हतो, कारण दाब सोडला की धरू लागलेली रक्ताची गुठळी सुटते. १०८ ला फोन लगेच केला होता, पण वाटेत झाड आडवे पडल्यामुळे रुग्णवाहिका यायला ४० मिनिटे लागली. म्हापशाला आझिलो रुग्णालयात त्याला टाके पडले आणि हात शाबूत राहिला.

दरम्यान शिपायाने दगडाने कुलूप फोडले होते. आत सुट्या कापसाची मोठी गुंडाळी (जिचे तंतू उघड्या जखमेत चिकटून बसतात), तळाशी वाळलेले आयोडीन, डोकेदुखीच्या गोळ्या आणि पावसाळी दमटपणाने गोंद विरघळून एकमेकींना चिकटलेल्या पट्ट्या निघाल्या. दाबून धरण्याजोगे गॉझचे एकही जाड पॅड नव्हते.

पुढच्या शिक्षकसभेत मी कपाट कुलपाविना ठेवण्याची मागणी केली. प्राचार्य म्हणाले, मुले सामान पळवतील. ठराव झाला तो दुसरी किल्ली करून घेण्याचा, आणि ती दुसरी किल्लीही कार्यालयातच राहिली. माझे मत आजही तेच आहे: पळवू द्यावे. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी वर्षाला दहा क्रेप बँडेज नेली, तर ती मुरगळलेल्या घोट्यांवरच बांधली गेली असे समजावे. गोळ्या हव्या तर कुलपात ठेवा. रक्त थांबवण्याचे साहित्य कधीही कुलपात ठेवू नका.

आता आपल्या प्रश्नाविषयी. विद्यार्थ्यांची संख्या ८०० आहे म्हणून साहित्य ८०० च्या हिशोबाने घेण्याचे कारण नाही. एकाच वेळी किती जण जखमी होऊ शकतात, याचा विचार करा. स्नेहसंमेलनात मंच कोसळला किंवा सहलीची बस कलंडली, तर पाच-सहा जण तरी रक्तबंबाळ असतील, असे धरावे. अशा प्रत्येकासाठी तीन-चार मोठी निर्जंतुक पॅड, दोन रुंद बँडेज, एक त्रिकोणी पट्टी आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या असाव्यात. शिवाय खपच्या, बोथट टोकाची कात्री आणि ओआरएसची पाकिटे लागतील. पाकिटावर एक लिटर लिहिले असेल तर ते एक लिटर पाण्यातच विरघळवावे, अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकू नये. पेट्या किती, हे अंतरावरून ठरते: मैदान, प्रयोगशाळा आणि वसतिगृह यांपैकी कोठूनही धावत दोन मिनिटांत पेटी हाती आली पाहिजे. प्रयोगशाळेच्या पेटीत भाजल्यावरच्या मलमापेक्षा जवळ वाहता नळ असणे महत्त्वाचे आहे, कारण भाजलेला भाग २० मिनिटे पाण्याखाली धरायचा असतो. पेटीवर लाल क्रॉस रंगवू नका. १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार ते चिन्ह परवानगीशिवाय वापरता येत नाही. हिरव्यावर पांढरा क्रॉस चालतो.

आपल्याकडे फुरसे आणि घोणस आवाराच्या दगडी गडग्यातही सापडतात, म्हणून कोणीतरी पेटीत ब्लेड आणि दोरी ठेवण्याचा आग्रह नक्की धरील. त्याला ठामपणे नाही म्हणा. सर्पदंशात चिरा मारायचा नसतो आणि आवळून बांधायचेही नसते. अवयव खपचीने स्थिर करून रुग्णाला, चालायला न लावता, प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यायचे असते.

पोटात घ्यायच्या औषधांविषयी मी जाणूनबुजून लिहिलेले नाही. ती यादी जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. आणि एक गोष्ट मी त्या सभेत बोललो नव्हतो. त्या वर्षी जूनमध्ये साठा नोंदवहीत “साहित्य तपासले, पुरेसे आहे” या शेऱ्याखाली जी सही होती, ती माझी होती. कारकून घाईत होते, किल्ली मागायचा मला कंटाळा आला आणि मी कपाट न उघडताच सही केली होती. तेव्हा आपल्या ठरावात कुलपाबरोबर हेही लिहून घ्या, की तपासणी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर व्हावी, दोघांनी मिळून करावी आणि पेटी टेबलावर रिकामी करून करावी.